दाराआडचा पंजा

एकुलती लेक बेबी गोवरात गेली, त्याला चार वर्षं झाली होती. "घर खाले धावून राहिलं. पोट्टे येतीन त बरं वाटन," म्हणून भास्करनं रविवारी तीन बिऱ्हाडं पोराबाळांसकट जेवायला बोलावली.

दिवस कलला तशी सगळी सौंसरच्या बसस्टँडकडे निघाली, भास्कर पोचवायला गेला. त्याच्या बायकोनं, प्रेमलतानं, पुढच्या दाराला आतून कडी लावली. मागं संत्र्याच्या सालींचा सडा, सांडलेलं वरण, उलटेपालटे पाट.

निघता निघता मोहगावची जाऊ म्हणाली होती, "पोट्ट्यायनं भित भरवली होती वं. म्या पुसून देल्ली सारी."

प्रेमलतानं स्वयंपाकघराच्या दाराआड पाहिलं. बेबीनं उठवलेला हळदीचा इवलासा पंजा तिनं इतकी वर्षं जपला होता. तिथं आता नुसता ओलसर चुना होता. ती तिथंच खाली बसली.

मान वर केली, तर पंजा होता. पण वीतभर वर, आणि जरा मोठा. चार वर्षांत बेबी तेवढीच वाढली असती.

त्याच्यापुढे आणखी एक होता, कमरेइतका उंच. त्यापुढचा खांद्याशी, भरल्या बोटांचा.

"थांब वं बेबी!" म्हणत ती भिंत धरून धावली. पंजे मोठे होत होत ओसरीतून पुढच्या दाराशी गेले होते.

शेवटचा चौकटीवर होता, थेट तिच्या स्वतःच्या हाताएवढा. हळद ओली होती, आणि मनगटाशी हिरव्या बांगडीची काच रुतली होती.

आतून लावलेली कडी उघडी होती. ती अजून हलत होती.