महेश्वरीसाठी कार्ड

“कार्डशीट काढ,” महांतप्पा गुरुजी म्हणाले, तेव्हा गिरिजाबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. लकव्यानं गुरुजींची जीभ जड झाली होती, आणि दोन महिन्यांत चहा-पाण्याशिवाय त्यांनी काही मागितलंच नव्हतं.

“कशाला वो?”

“कार्ड करायचंय. महेश्वरीला. वाढदिवस हाय तिचा.”

लेकीचा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. गिरिजाबाई साफ विसरल्या होत्या. लगबगीनं त्यांनी ट्रंक उघडली. गुरुजी शाळेत कार्यानुभवाचा तास घ्यायचे, तेव्हाची दोन-चार कार्डशीट तळाशी होती, कडेनं पिवळी पडलेली. लाल घोटीव कागदही सापडला. कात्री, डिंक, स्केचपेन सगळं पाटावर मांडून त्या समोर बसल्या.

गुरुजींचा उजवा हात टॉवेलखाली होता. तो ते कुणाला दाखवत नसत. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हाताचे व्यायाम लिहून दिले होते, तर घरी आल्याबरोबर त्यांनी तो कागद फाडला. “आता काय लोणचं घालायचंय या हाताचं?” म्हणाले होते.

डाव्या हातानं त्यांनी कार्डशीट दुमडायला घेतलं. कडा जुळेनात. कागद दोनदा सटकला. गिरिजाबाईंनी हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे. मी करतो.”

त्यांनी हात मागं घेतला आणि पदराखाली दाबून धरला. तिसऱ्यांदा कडा जुळल्या, पण घडी बसेना. गुरुजी थांबले. खाली बघतच म्हणाले, “धर जरा.”

गिरिजाबाईंनी कडा धरल्या, गुरुजींनी अंगठ्याच्या नखानं घडी मारली. मग घडीवर दोन काप देऊन मधली पट्टी आत ढकलली. कार्ड उघडलं की आत एक पायरी उभी राहायची. तिच्यावर लावायला गुलाब कापायला घेतला, तर डाव्या हातातली कात्री भलतीकडंच गेली.

गिरिजाबाईंनी फूल वर धरून पाहिलं. “ह्यो गुलाब व्हय? मला तर करडई दिसाया लागलीय. कडंनं नुसते काटे.”

गुरुजी हसले. तोंड एकाच बाजूनं हसलं. गिरिजाबाईंनी डिंक शोधायच्या निमित्तानं मान वळवली.

फूल चिकटलं. नाव तेवढं राहिलं. “आणा, मी लिवते,” त्या म्हणाल्या. चौथीपर्यंतच शिकल्या होत्या, पण लेकीचं नाव त्यांना लिहिता यायचं.

गुरुजींनी मान हलवली. टॉवेल बाजूला सारला. डाव्या हातानं उजवा हात उचलून पाटावर ठेवला, एकेक बोट वाकवून त्यात स्केचपेन बसवलं.

पेन टेकलं, सरकलं, घसरलं, परत टेकलं. गुरुजींच्या कपाळावर घाम फुटला. गिरिजाबाई मनातल्या मनात ‘म’ गिरवत होत्या, पेन मात्र दुसरंच वळण घेत होतं. सगळं पान भरून एकच अक्षर झालं, तेव्हा कुठं ते थांबलं.

“अवो, ‘म’ असा असतो व्हय? पोरांना तुमीच शिकवायचात की!”

गिरिजाबाईंनी कार्ड आपल्याकडं वळवून घेतलं. तो ‘म’ नव्हताच. वेलांटी वाकडी होती, पण अक्षर ‘गि’ होतं.

गुरुजींनी त्यांना नावानं कधी हाक मारली नव्हती. ‘अगं’, ‘ऐकलं का’ आणि ‘महेश्वरीची आई’. चाळीस वर्षांचा संसार तेवढ्यावर झाला होता.

“पुढचं?” त्यांनी विचारलं.

“जागा सरली,” गुरुजी म्हणाले. पाटावरचा उजवा हात त्यांनी तसाच उघडा राहू दिला.

गिरिजाबाईंनी शाईवर फुंकर घातली आणि दुसरं कार्डशीट त्यांच्यापुढं सरकवलं.

“‘रि’ उद्या लिवा,” त्या म्हणाल्या. “‘जा’ परवा. ‘बाई’ न्हाय लिवलं तरी चालंल.”