कड्यावरचा धूर

राखीव रानात धूर दिसता कामा नये, हा हुकूम ज्यानं काढला त्यानं उभ्या जन्मात कधी मचवा नांगरला नव्हता. त्या सकाळी दोन माणसं बुडाली असती, तर त्याच्या सहीनं बुडाली असती. हे त्याच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही.

लखू मचव्याच्या पुढच्या टोकाला उभा राहून घाटाकडं बघत होता. काळी नदीच्या मुखापुढचं बेट. बेटाच्या जमिनीकडच्या अंगाला वाळूची खोबण, तिथं मचवा बांधलेला. पोटात सुप्याच्या रानातलं सागवान. पौषातलं पाणी ताटासारखं सपाट.

"दिसला काय रे तुझ्या भैणीचा धूर?" तांडेल भिकाजीनं विचारलं.

"न्हाई."

"पंधरा दिस झाले. म्हातारी झोपली असंल."

सहा वर्षांपूर्वी लखू अणशीच्या वरच्या वाडीतून लाकडाच्या तराफ्यावर बसून नदीनं खाली आला आणि समुद्रावरच राहिला. वर थोरली बहीण तुळजा एकटी. नवरा हिवतापानं गेलेला, शेजारची तीन घरं रान सोडून गेलेली. थंडीचे चार महिने ती रोज पहाटे कड्याच्या टोकाला ओल्या पाल्याची धुनी करायची. धूर सरळ वर गेला, तर मचवा खोबणीत खुशाल ठेवावा. धूर समुद्राकडं आडवा पडला, तर घाटावरून वारा सुटला. तो बेटावर यायला सूर्य कासराभर वर चढेल एवढाच वेळ. मग खोबणीत थांबायचं नाही. वारा मचव्याला उचलून खडकावर घालतो.

भावाबहिणीचं सगळं बोलणं त्या धुरातच होतं. मी हाय. तू हाईस न्हवं? आता पंधरा दिवस वरून कुणी बोलत नव्हतं. ती मेली असली, तर ते सांगायला खाली येणारं माणूससुद्धा वाडीत उरलं नव्हतं.

"फळी टाक. माल उतरवूया," भिकाजी म्हणाला. "आज पाण्यावर सुरकुती न्हाई."

लखूनं फळी उचलली आणि तशीच धरून ठेवली. कड्यावर धूर आला होता. रोजचा पांढरा, बारका नव्हे. काळा, जाडजूड, आणि निघाल्या निघाल्या समुद्राकडं लोळलेला.

"तुझ्या भैणीनं आज अख्खा डोंगर पेटवला काय रे?" असं म्हणता म्हणता भिकाजीनं दोर सोडला होता. "शीड अर्धंच उघड. टोकाला चिकटू नको. तिथं वारा वळसा मारून येतो."

टोकापासून लांबून त्यांनी बेटाला वळसा घातला. समुद्राकडच्या अंगाला पाणी खोल, तळाला दगड. एक नांगर घसरला, तर मचवा सरळ उघड्या दर्यात. म्हणून दोन नांगर टाकले. लखूनं पाण्यात उडी मारली आणि तिसरा दोर खडकाच्या सुळक्याला गुंडाळून आला. मचव्याचं तोंड बेटाकडं, पाठ दर्याकडं.

तेवढ्यात वारा आला. बेटाच्या माथ्यावरची झाडं वाकली, पलीकडचा फेस माथ्यावरून उडून त्यांच्या अंगावर पडला. दोर कुरकुरत होते. पण आडोशाचं पाणी मचव्याला पुरतं होतं. थोड्या वेळानं टोकाला वळसा घालून फळ्या वाहत आल्या. खोबणीत कुणाची तरी रिकामी होडी बांधलेली होती, तिच्या.

"भैणीला माझा रामराम सांग," भिकाजी म्हणाला. त्यानंतर दिवसभर तो थट्टा करायची विसरला.

चौथ्या दिवशी लखू घाट चढून वाडीत पोचला. कड्यावरची धुनीची जागा थंडगार होती. तिथं रानखात्याच्या गार्डाचा तंबू होता, आणि पावलानं विस्कटलेली जुनी राख. पलीकडं तुळजाचं घर नव्हतं. चार काळे खांब होते.

फणसाखाली खुर्ची टाकून रानखात्याचे साहेब लिहीत बसले होते. समोर तुळजा उभी. तिनं भावाकडं बघितलं. पदर डोक्यावर ओढला. एवढंच.

"चुलीतली ठिणगी उडाली असणार," गार्ड साहेबांना सांगत होता. "मी धावलो. पण छपरावर दहा वर्षांची काजळी, भडकलंच. धुनी असती तर लाथेसरशी विझवली असती, तशी पंधरा दिवस विझवतच होतो."

लखूनं काळ्या खांबांकडं बघितलं. अक्काचं घर जळलं म्हणून आपण जगलो. ठिणगी उडाली म्हणून. मग त्याची नजर फणसापलीकडं गेली. गाय लांब बांधलेली. जातं, मडकी, दाण्याची कणगी, मेलेल्या दाजीचं घोंगडं, सगळं ओळीनं मांडलेलं. एकावरही काजळीचा डाग नव्हता.

साहेबांनी कागद मिटला. माणूस वाईट नव्हता. "बाई, जळालं ते जळालं. राखीव रानातून छपरापुरतं गवत कापायची परवानगी देतो. घर पुन्हा उभं करा."

तुळजा पुढं झाली.

"हिरवं नको, सायेब. वाळल्यालं द्या. वारा सुटला की ह्ये घर लगेच पेटाया पायजे. देतासा का न्हाई, ते आत्ता हितंच सांगा."