नानतार

सातवं विमान घरात कुठेच नव्हतं.

माळा झाला, कपाटांचे वरचे कप्पे झाले. पलंगाखाली मुलगी आडवी होऊन बघून आली आणि शिंकत उठली. "आई, खरंच नाहीये. चल, चहा तरी घे."

"नंतर," ती म्हणाली आणि पुन्हा हातातल्या रिमोटकडे बघायला लागली.

नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्याची रिमोटवर उडणारी विमानं खोलीभर पसरली होती. ती न्यायला आज चष्मेवाले येणार होते. चष्मेवाले म्हणजे नवऱ्याचे मैदानावरचे दोस्त. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. विमानं आता क्लबात जायची होती, नव्या लोकांना शिकायला. सगळी पुसून, मोजून ठेवते, असं तिने फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

मोजायला बसली आणि तिथेच घोळ झाला. रिमोटच्या छोट्या पडद्यावर विमानांच्या नावांची यादी होती. उडवण्याआधी त्यातलं नाव निवडायचं, मगच ते विमान रिमोटचं ऐकायचं. अक्षरं इंग्रजी, नावं मराठी, आणि सगळी जनावरांची. इंजिनाचं ते अवजड धूड म्हणजे म्हैस. पाण्यावर उतरणारं ते बेडूक. हवेत कोलांट्या मारणारं ते माकड. थर्माकोलची, हाताने फेकायची ती चिमणी. आणि नवशिक्यांनी कितीही आपटलं तरी मुकाट सोसणारं ते गाढव. एका नावावरून मायलेकींची जुंपली होती. तिने 'घर' वाचलं, मुलगी म्हणाली 'घार'. बिनइंजिनाचं, लांबच लांब पंखांचं विमान समोर आल्यावर मुलीचं बरोबर निघालं.

ही झाली सहा. सातवं नाव होतं एन, ए, एन, टी, ए, आर.

"नानतार," मुलीने वाचलं. "हा कुठला प्राणी?"

मोबाइलवर शोधलं, काही सापडलं नाही. मुलीने आपल्या नवऱ्याला फोन लावला. जावयाचं एक होतं, माहिती जितकी कमी तितका आवाज ठाम. "पक्षी असणार," तो म्हणाला. "थंड प्रदेशातला."

मुलगी खो खो हसली. आईला हसू आलं नाही. तिच्या नवऱ्याला आयुष्यात तिच्यापासून काही लपवता आलं नव्हतं. नवं इंजिन आणलं की चोरासारखा चेहरा करून संध्याकाळपर्यंत स्वतःच सांगून टाकायचा. मग हे विमान कुठे गेलं? कुणाकडे ठेवलं? आणि का? नानतार हे एखाद्या बाईचं नाव असतं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली. गेलेल्या माणसावर रागावून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं, तरी ती रागावली आणि त्याच्या फोटोकडे पाठ करून बसली.

"आई, चहा गार झाला. गरम करून आणू?"

"नंतर गं."

मैदानावर ती कधी गेलीच नव्हती. दर रविवारी सकाळी तो गाढव काखोटीला मारून दारात उभा राहायचा. "येतेस? तुझ्या हातूनही उडेल." तेव्हा नेमकं गॅसवर काहीतरी असायचं, नाहीतर कपडे भिजवलेले असायचे. तो जरा वेळ तिथेच घुटमळायचा आणि जायचा. तिथे आपल्याला माहीत नसलेलं काय काय चालत होतं कोण जाणे, या विचाराने ती आता कासावीस झाली.

चष्मेवाले चार वाजता आले. पाणीसुद्धा न विचारता तिने रिमोट त्यांच्या हातात दिला.

"खरं सांगा, भाऊजी. हे सातवं कुणाकडे आहे?"

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा कपाळावर चढवला आणि पडदा नाकाजवळ नेला. वाचून ते खुर्चीत बसलेच.

"सातवं विमान नाहीच, वहिनी."

त्यांनी गाढव मांडीवर घेऊन त्याचं बटण चालू केलं. रिमोटवर गाढव निवडलं आणि त्यावरची छोटी काडी ढकलली. विमानाच्या शेपटीची पट्टी फटकन वळली. मग त्यांनी सातवं नाव निवडलं आणि काडी पुन्हा तेवढीच ढकलली. पट्टी जेमतेम हलली.

"हे आपलं गाढवच. नुसतं हळू केलेलं. धरणाऱ्याचा हात कितीही घाबरला तरी पडायला नको म्हणून. महिनाभर खपत होता यावर."

"पण नानतार म्हणजे काय, काका?" मुलीने विचारलं. तिच्या हातात तिसऱ्यांदा गरम केलेला चहा होता.

"नानतार?" चष्मेवाले तिच्याकडे बघत राहिले. "अगं, 'नंतर' लिहिलंय ते."

मुलीने कप खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई गाढवाकडे बघत होती.

"मीसुद्धा त्याला म्हटलं होतं," चष्मेवाले म्हणाले, "सगळी जनावरं, आणि त्यात हे कसलं नाव ठेवलंस? तर म्हणाला, मी कुठे ठेवलंय? दर रविवारी मी विचारतो, आणि तीच सांगते."