दोन माणसांची हवा

बाहेरची हवा विषारी झाल्यापासून घरोघरी माणशी हवा मिळत असे. देखभालीला आलेल्या तबस्सुमने इंदुमतीबाईंच्या घरची मुख्य वीज तोडून वायुयंत्र उघडले, नवी गाळणी बसवली आणि विचारले, "काकू, नोंद दोघांची आहे. काका?"

"गेले आषाढात." इंदुमतीबाई म्हणाल्या, "ह्यांच्या खोलीतला झोत राहू दे गं."

"एकटीला दोघांची हवा सोडली तर जादा दाबाने दारांचं रबर फाटेल, काकू. बाहेरचं विष आत येईल, मग तुम्हीही जाल. आता हवा एकाच खोलीत; जिथे यंत्राला श्वास सापडेल तिथे."

"ह्यांच्या घोरण्यापायी जन्मभर वेगळी झोपले मी," असे पुटपुटत इंदुमतीबाईंनी उशी उचलली आणि त्या नवऱ्याच्या खोलीत जाऊन बसल्या.

तबस्सुमने वीज जोडली. यंत्राने क्षणभर सारे घर चाचपले, आणि त्या खोलीतला पडदा हलू लागला.