चित्र सातची जागा

विनिता रेवस बंदरातल्या होड्यांचं सचित्र ई-पुस्तक तयार करत होती. चित्रांना क्रमांक आपोआप पडत होते, पण सहानंतर थेट आठ येत होता. मजकुरात मात्र ‘चित्र ७ पाहा’ असं न लिहिताच उमटायचं. अखेर तिने तिथे रिकामी चौकट ठेवली.

चहा घेऊन आलेल्या सासूबाई पडद्यासमोर थबकल्या. “यांचा फोटो तुला कुठं गावला? आपल्याकडं तर एक पन न्हाय.”

सासरे विनिताच्या लग्नाआधीच होडीसकट समुद्रात नाहीसे झाले होते. तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

“आई, चौकट कोरी आहे.”

“कोरी कशी? होडी धक्क्याला लावतायत बघ.” सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

चौकटीखाली अक्षरं उमटू लागली. ‘चित्र ७. घरी पोचल्यावर दारातून प्रथमच पाहिलेली सून.’

विनिता उठली, दाराकडे वळली आणि नमस्काराला वाकली.