डागडुजी

"काकू, डागडुजी नेमकी कशाची करायचीय?" चकचकीत भिंतींवरून नजर फिरवत बँकेच्या तपासनिसानं विचारलं.

बँकेचे नियम आता कडक झाले होते. पहिलं कर्ज फिटायच्या आत त्याच घरावर दुसरं हवं, तर ते फक्त घराच्या दुरुस्तीसाठी, आणि तेही बँकेचा माणूस येऊन पाहून गेल्यावरच. पण पाहुण्यासमोर लाज नको म्हणून मालनबाईंनी दोन दिवस खपून घरातली एकूण एक भेग लिंपली होती, वर रंगही दिला होता.

"घर ठणठणीत आहे, साहेब," आतल्या कॉटवरून त्यांच्या यजमानांचा धापा टाकणारा आवाज आला. "पैसे माझ्या हृदयाच्या ऑपरेशनला हवेत. खोटं कशाला बोला?"

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. संपलं सगळं, मालनबाईंना वाटलं. पण तो जिन्याकडे बघत हळूच म्हणाला, "गच्ची राहिलीय की बघायची, काकू. जुन्या घराला कुठंतरी तडा असतोच."

जन्मभर या घराला जपत आलेल्या मालनबाई, एक तरी तडा सापडू दे रे देवा, असं पुटपुटत जिना चढू लागल्या.