खालच्या शेतातली लढाई

सुळेवाल्या कुळाच्या सरदाराने कोठारीण मावशीच्या डोळ्यांदेखत नांगराचे दोन तुकडे करून ते चुलीत सारले.

नांगर ओढणारे कैदी हिवाळ्यात पळाले होते. कोठारातलं धान्य जेमतेम सुगीपर्यंत पुरणार होतं. पावसाआधी खालचं शेत तयार झालं नाही, तर पुढे सगळी वस्ती उपाशी मरणार, एवढंच तिने सांगितलं होतं.

"मावशी, हे सुळे बघ," सरदार ओठ वर करून म्हणाला. "हे काय ढेकळं फोडायला उगवलेत?"

सगळे खो खो हसले. शेतीला हात लावणाऱ्या सुळेवाल्याचे सुळे उपटायचे, हा कुळाचा कायदा, आणि तो सरदारच सगळ्यात मोठ्या आवाजात ऐकवायचा.

दुसऱ्या सकाळी टेहळ्या, मावशीचा जावई, धापा टाकत आला. पलीकडचं कूळ घोडदळ घेऊन निघालंय, तीन दिवसांत खालच्या शेतातून चाल करून येणार, अशी त्याची बातमी.

वस्ती पेटून उठली. म्हातारे काठ्या फेकून रांगेत उभे राहिले. अशी लढाई पाहिलेली एकटी मावशीच उरली होती, म्हणून तिचा शब्द सगळ्यांनी मानला. घोडे अडखळवायला मोठे खंदक नकोत, वीतवीत खोल चर हवेत, हातभर अंतराने, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दोनशे भाल्यांनी जमीन फोडली. चर आधी कोण संपवतो, याची चुरस लागली. सरदार घामाने निथळत सर्वांच्या पुढे होता आणि रेंगाळणाऱ्याला विचारत होता, "काय रे, सासुरवाडीला आलायस का?" घोडे वासाने बुजावेत म्हणून तबेल्यातलं शेणही चरांत ओतलं गेलं.

तिसऱ्या दिवशी सगळे कुऱ्हाडी परजून उभे राहिले. दुपारी पाऊस आला. शत्रू आला नाही. आपली तयारी बघूनच त्याने शेपूट घातलं, असं सरदाराने जाहीर केलं आणि वस्ती नाचत घरी गेली.

पाऊस उघडल्यावर मावशी एकटीच शेतात आली. चाहूल लागली तशी तिने बियाण्याची टोपली पाठीमागे लपवली. समोर सरदार होता.

त्याने आजूबाजूला नीट पाहून घेतलं. मग वाकून चिमूटभर माती बोटांत चोळली.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी शत्रूला ओढ्यापलीकडून आण. तिकडची जमीन जास्त कसदार आहे."